वाळवंटातले उंदीर मोजायचे कसे: बिळं की पिंजरे?

वाळवंटात उंदरांची संख्या पावसामागून धावते. आधी पाऊस, मग गवताला बी, मग पिल्लावळ. हा चढउतार टिपायला दोन वाटा आहेत.

बिळं मोजणं स्वस्त. संध्याकाळी बिळांची तोंडं मातीने बुजवायची, सकाळी किती उकरलेली दिसतात ते बघायचं. पण एकाच जरबिलच्या (वाळवंटी उंदराच्या) घराला अनेक दारं असतात. त्यामुळे वाढ की घट एवढंच कळतं, नेमका आकडा नाही.

पिंजऱ्यात दाणे ठेवून पकडायचं, खूण करून सोडायचं आणि पुन्हा पकडायचं. समजा पहिल्या खेपेला ४० जणांना खूण केली. दुसऱ्या खेपेला ५० सापडले, त्यांत १० खुणेचे. म्हणजे पाचातला एक खुणेचा, तर ४० खुणेचे असलेली एकूण संख्या साधारण २००. मधल्या काळात ये-जा फार नसावी, ही अट. शिवाय वय, वजन, गाभण मादी सगळं हातात कळतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पोर्टल गावाजवळ १९७७ पासून असेच पिंजरे लागतात.

कष्ट मात्र भरपूर. उजाडताच पिंजरे रिकामे केले नाहीत, तर पत्रा तापून आतला जीव जातो. चांदण्या रात्री तिथले कांगारू उंदीर (मागच्या पायांवर उड्या मारणारे) उघड्यावर यायला कचरतात, म्हणून तिथे अमावस्येच्या आसपासच्या रात्री बऱ्या.

वर्षानुवर्षं नोंद ठेवायची असेल, तर मी पिंजरेच निवडेन. बिळं फक्त धावत्या पाहणीपुरती.