प्लगमध्ये खोचायचं उंदीर-पळव्या यंत्र: आमच्याकडे मांजर पळालं

★☆☆☆☆

आमचं भुसार मालाचं दुकान, मागे गोदाम. जावयांनी हौसेने ऑनलाइन मागवून दिलं म्हणून हे अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीच्या आवाजाने उंदीर पळवायचं यंत्र लावलं. किंमत चारशेच्या आतबाहेर. सॉकेटात खोचायचं, निळा दिवा लागतो, झालं. खोक्यावर लिहिलंय की 1500 चौरस फुटांतून उंदीर, झुरळं, डास, पाली, मुंग्या, कोळी सगळे हद्दपार. कंपनीचं नाव देत नाही, कारण बाजारात अशी डझनभर खोकी आहेत आणि मजकूर सगळ्यांवर तोच.

उंदरांपुरतं तत्त्व खोटं नाही. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंत (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) ऐकू येतं, आणि माझ्या वयात वरचं बरंचसं केव्हाच गेलेलं असतं. नातीला यंत्रातून बारीक टिकटिक ऐकू येते, मला काही नाही. उंदीर मात्र 70-80 हजारांपर्यंत ऐकतो. घाबरला की 22,000च्या आसपास ओरडून बाकीच्यांना सावध करतो, आणि आपण शेजारी उभे असून पत्ता नसतो.

घोडं अडतं ते अंतरापाशी. 40,000 हर्ट्‌झच्या आवाजाची लाट जेमतेम साडेआठ मिलिमीटर लांबीची. ती भिंतीपलीकडे जात नाही, पोत्यामागे वळत नाही, मोकळ्या हवेतही लवकर विरते. हत्तींचं उलट. ते 20 हर्ट्‌झच्याही खाली घुमतात, म्हणून काही किलोमीटरवरच्या कळपाला ऐकू जातं. खोक्यावरचे 1500 फूट रिकाम्या हॉलचे असावेत. आमच्याकडे ज्वारी-हरभऱ्याच्या थप्प्या छताला टेकलेल्या. सॉकेटसमोर सुरुवातीला लेंड्या दिसेनात, पण थप्पीमागे शेंगदाण्याची पोती कुरतडणं चालूच. पुढे समोरही दिसायला लागल्या. सरावले.

खरा परिणाम झाला मनीवर. मांजराचे कान 60,000च्याही पुढचं टिपतात, उंदरांची चिवचिव ऐकायला ते कामी येतं. गुळाच्या ढेपांशेजारची तिची झोपायची जागा बरोबर यंत्रासमोर. ती तिने सोडली आणि गोदामातच यायची बंद झाली. म्हणजे रात्रपाळीचा एकमेव भरवशाचा गडी आम्ही पैसे मोजून घालवला. यंत्र काढलं तशी परत आली.

डासांचं तर विचारूच नका. चावणारी मादी माणसाचा माग काढते तो उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, दहा-वीस मीटरवरूनसुद्धा. जवळ आली की अंगाचा वास आणि ऊब. डास पळवणाऱ्या आवाजी यंत्रांच्या 10 मैदानी चाचण्या 2007 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासल्या होत्या. डास अंगावर बसणं कमी झाल्याचं एकीतही दिसलं नाही. झुरळाच्या मागे दोन छोट्या शेपट्या असतात, त्यांवरच्या केसांना हवेची जराशी झुळूक कळते. चप्पल खाली येईस्तोवर ते पसार होतं ते यामुळे. यंत्रातून कसली झुळूक येणार?

लहान, मोकळी खोली असेल आणि घरात कुत्रं-मांजर नसेल तर थोडे दिवस फरक वाटेलही. गोदामासाठी घेऊ नका. आम्ही थप्प्या भिंतीपासून हातभर सरकवल्या, खाली फळ्या टाकल्या, मोरीच्या पाइपाभोवतीची फट काचेचा चुरा घालून सिमेंटने बुजवली आणि दोन पिंजरे लावले. पिंजऱ्यात भज्याचा तुकडा ठेवतो, खोबऱ्यापेक्षा बरा चालतो.