पहिला संगणक जुळवताना गळ्यात मारले गेलेले बनावट ग्राफिक्स कार्ड

सुटे भाग विकत घेऊन पहिला संगणक जुळवणारा माणूस जवळजवळ सगळे निर्णय नावांवर आणि आकड्यांवर घेतो. प्रोसेसरचे मॉडेल, रॅमचे जीबी, पॉवर सप्लायचे वॅट आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी यांपलीकडे, वस्तू हातात येईपर्यंत, त्याच्यासमोर दुसरा आधारच नसतो. बनावट माल विकणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते, म्हणून ते जुनीच वस्तू घेतात आणि तिच्यावरचे आकडे तेवढे बदलतात. २०२१ मध्ये अशी एक वस्तू माझ्या पदरात पडली. तो सगळा प्रकार येथे सविस्तर लिहीत आहे, कारण तीच युक्ती आजही नव्या मॉडेलांच्या नावाने चालू आहे आणि ती ओळखण्याची साधने मात्र फुकट मिळतात.

त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांचा जगभर तुटवडा होता. चिपांचे उत्पादन मागणीला पुरत नव्हते, इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी (संगणकाच्या आकडेमोडीतून ते मिळवण्यासाठी) लोक घाऊक कार्डे उचलत होते, आणि एरवी लोकांच्या विस्मरणात गेली असती अशी मॉडेले पुन्हा भाव खाऊ लागली होती. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे त्यांतलेच एक. ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आलेले हे ४ जीबी मेमरीचे कार्ड अवघ्या ७५ वॅटवर चालते, त्यामुळे त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांना पॉवर सप्लायमधून वेगळी केबल जोडावी लागत नाही. हात राखून खर्च करणाऱ्याला ते सोयीचे होते. एका ऑनलाइन बाजारपेठेवर एक विक्रेता ते ‘नवे, न वापरलेले’ म्हणून विकत होता आणि सोबत ६०० वॅटचा पॉवर सप्लाय घेतल्यास सवलत देत होता. किंमत चालू भावापेक्षा थोडीशीच कमी होती. फुकटात दिल्यासारखी किंमत लावली तर गिऱ्हाईक बिचकते, हे या धंद्यातल्या लोकांना चांगले कळते, त्यामुळे ‘फार स्वस्त असेल तर संशय घ्या’ एवढा सल्ला पुरेसा नाही.

पार्सल उघडल्यावर आतल्या खोक्यावर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे नाव कोठेही नव्हते. कार्डाच्या पट्टीवर एचडीएमआय आणि डीव्हीआय यांच्या जोडीला जुन्या मॉनिटरला लागणारा निळा व्हीजीए पोर्ट होता, आणि वरच्या कडेला सहा पिनांच्या केबलसाठी सॉकेट होते. संगणक सुरू झाला, विंडोजने कार्ड ओळखले, नाव जीटीएक्स १०५० टीआय असे आले आणि मेमरीही ४ जीबी दिसली. मात्र एनव्हिडियाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाकताच पुढच्या वेळी पडदा काळा राहिला. खोक्यातल्या छोट्या सीडीवरचा ड्रायव्हर टाकल्यावर डेस्कटॉप दिसू लागला, परंतु कोणताही जड खेळ सुरू केला की थोड्या वेळाने चित्रावर रंगीत चौकोन उमटत आणि मग संगणक जागच्या जागी थिजत असे. व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने तर या यंत्रात योग्य हार्डवेअरच नाही असे सांगून चालायला नकार दिला.

खरा प्रकार उघड झाला तो कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या छोट्या मोफत प्रोग्रॅममुळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या २.१२ या आवृत्तीपासून हा प्रोग्रॅम ठरावीक बनावट कार्डे ओळखतो आणि त्यांच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द लावतो. माझ्या कार्डाच्या नावाआधी तो शब्द आला. त्याखालच्या रकान्यांत चिपचे नाव जीएफ११६ होते, ट्रान्झिस्टरचे तंत्र ४० नॅनोमीटरचे होते आणि कूडा कोअर, म्हणजे चिपमधली आकडेमोड करणारी एकके, १९२ होती. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी१०७ ही १४ नॅनोमीटरची चिप असते आणि तिच्यात ७६८ कोअर असतात. मला मिळाले होते ते मार्च २०११ मधल्या जीटीएक्स ५५० टीआयच्या जातीचे कार्ड.

हे कसे साधतात ते समजून घेतले तर पुढची अनेक बनावट कार्डे ओळखता येतील. विंडोज चिपची तपासणी करून नाव ठरवत नाही. कार्ड स्वतःचा जो ओळख क्रमांक सांगते, तो ड्रायव्हरच्या यादीत शोधून त्यापुढचे नाव ते दाखवते. कार्डाचा ओळख क्रमांक, नाव आणि मेमरीचा आकडा कार्डावरच्या बायोसमधून, म्हणजे त्यात साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममधून, येतात, आणि फर्मी नावाच्या त्या जुन्या पिढीत ही बायोस कोणालाही हवी तशी बदलून पुन्हा भरता येत असे. पास्कल पिढीपासून, म्हणजे खुद्द १०५० टीआयच्या पिढीपासून, एनव्हिडियाने डिजिटल सही नसलेली बायोस चालू देणे बंद केले. बनावट कार्डांत नेहमी जुन्याच चिपा सापडण्यामागे हे एक मोठे कारण आहे. मेमरीचे तसेच आहे. ४ जीबीचा आकडा लिहिता येतो, पण प्रत्यक्ष मेमरी चिपा १ जीबीच्या असतील तर तेवढी भरेपर्यंत सर्व ठीक चालते आणि त्यापुढची माहिती अस्तित्वातच नसलेल्या जागी लिहिली जाते. ते रंगीत चौकोन त्यातून येत होते. फर्मी कार्डांना व्हल्कन कधीच मिळाले नाही आणि त्यांच्यासाठी नवे ड्रायव्हर काढणेही एनव्हिडियाने २०१८ मध्ये थांबवले, म्हणून अधिकृत ड्रायव्हर त्या चिपवर चालण्याचा प्रश्नच नव्हता.

यातले काही तर कार्ड संगणकात न बसवताही दिसते. पास्कल चिपांमधून ॲनालॉग सिग्नल बाहेर पडण्याची सोयच काढून टाकलेली आहे, त्यामुळे १०५० टीआय म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसला की तेथेच थांबावे. विक्रेत्याने दिलेल्या छायाचित्रात पोर्टची बाजू दाखवलेली नसेल, तर ते छायाचित्र आधी मागावे. मला दाखवलेल्या सर्व छायाचित्रांत कार्ड पंख्याच्या बाजूने टिपलेले होते.

त्यानंतर विक्रेत्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्याबद्दल मला कार्डापेक्षाही अधिक सांगावेसे वाटते, कारण लोकांचे पैसे खऱ्या अर्थाने तेथे बुडतात. त्याचे उत्तर कधी उद्धट नसे. ‘ड्रायव्हर सीडीतलाच ठेवा’, ‘मदरबोर्डची बायोस अद्ययावत करून पाहा’, ‘विंडोज नव्याने टाका’, ‘रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा’ अशा सूचना तो एकेक करून पाठवी आणि प्रत्येक सूचनेनंतर निकाल कळवायला सांगे. पहिल्यांदाच संगणक जुळवणाऱ्याला या सूचना रास्त वाटतात, कारण दोष आपल्या जोडणीत असू शकतो ही शंका त्याच्या मनात असतेच. त्या सूचनांचा हेतू दुरुस्तीचा नसतो. माल परत करण्याची मुदत निघून जावी एवढ्यासाठी ती चालढकल असते. म्हणून पहिली अडचण दिसली त्याच दिवशी बाजारपेठेच्या ठरलेल्या पद्धतीने परताव्याची तक्रार नोंदवावी आणि विक्रेत्याशी बोलणे त्यानंतर, तेही त्याच बाजारपेठेच्या संदेशांतून, चालू ठेवावे. फोनवर किंवा अन्य ॲपवर बोलण्याची गळ घातली तर मानू नये, कारण तेथले बोलणे पुरावा म्हणून धरले जाईलच याची शाश्वती नसते. तक्रार नोंदवल्यावर ‘थोडे पैसे परत घ्या, कार्ड ठेवून घ्या आणि तक्रार मागे घ्या’ असा प्रस्ताव मला आला. एकदा मागे घेतलेली तक्रार बहुतेक ठिकाणी पुन्हा उघडता येत नाही, हे लक्षात घेऊन तो नाकारावा.

हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) काढून चिपवर छापलेली अक्षरे वाचण्याचा मोह अशा वेळी होतो, तो आवरावा. एकदा स्क्रू उघडले की कार्ड ग्राहकानेच बिघडवले असे म्हणायला विक्रेत्याला वाव मिळतो. जीपीयू-झेडच्या खिडकीचे चित्र, पोर्टच्या पट्टीचे छायाचित्र, अनुक्रमांकाचे स्टिकर आणि पार्सल उघडताना सलग केलेले चित्रीकरण एवढे माझ्या तक्रारीला पुरले.

आता त्या ६०० वॅटच्या पॉवर सप्लायबद्दल. माझ्या मते दोन्हींपैकी हीच वस्तू जास्त धोकादायक होती, कारण बनावट कार्डाने फार तर खेळ चालत नाही, पण निकृष्ट पॉवर सप्लाय जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन जाऊ शकतो. त्याच्या अंगावर ६०० हा आकडा बोटभर उंचीचा होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत निरनिराळ्या व्होल्टेजचा तक्ता होता. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरी क्षमता तेथे पाहायची असते, ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत कितीही मोठे आकडे असले तरी ते फारसे कामी येत नाहीत. ५५० टीआय जातीचे कार्ड पूर्ण भाराखाली सुमारे ११६ वॅट घेते, माझ्या प्रोसेसरची मर्यादा ६५ वॅटची होती, आणि या दोन्हींची बेरीज १८१ होते. म्हणजे पंखे आणि डिस्क जोडल्यावर हा ‘६०० वॅट’चा सप्लाय आपल्या कडेलोटावर चालत होता.

तो उघडून पाहिला तो दुरुस्तीची कामे करणाऱ्या एका जाणकाराने. वीज काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ टिकून राहू शकतो, म्हणून हे काम अनुभव नसलेल्याने करू नये. आतल्या बोर्डावर येणारी वीज गाळणाऱ्या कॉइल आणि कपॅसिटर यांच्या जागा छापलेल्या होत्या, परंतु त्या रिकाम्या होत्या, आणि कॉइलच्या ठिकाणी दोन टोके साध्या तारेच्या तुकड्याने जोडून टाकली होती. बाहेरून केबलच्या आवरणावर बारकाईने पाहिले तर २२ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे मोजमाप) असे वाचता येत होते. बऱ्या सप्लायमध्ये मुख्य तारा १८ एडब्ल्यूजीच्या असतात, आणि या मोजमापात आकडा वाढतो तसतशी तार बारीक होत जाते. मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याचा लाल खटका असणे हेही बहुधा जुन्या, स्वस्त रचनेचे लक्षण असते. अंगावर वीज कमी वाया जाते याचे प्रमाणपत्र दाखवणारी ‘८० प्लस’ची खूण होती, पण ती छापायला काहीच लागत नाही. प्रमाणित मॉडेलांची यादी सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यात मॉडेल क्रमांक शोधून पाहायला दोन मिनिटे पुरतात. माझ्या सप्लायचा क्रमांक तिच्यात नव्हता.

एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) आणि प्रोसेसर यांच्या बाबतीत मी स्वतः फसलो नाही, तरी युक्ती तीच असते. एसएसडीच्या कंट्रोलरला, म्हणजे ती चालवणाऱ्या चिपला, खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते आणि खरी जागा भरली की नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा हरवतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्रॅम सगळी जागा भरून पुन्हा वाचून पाहतात; त्याला बरेच तास लागतात, पण परताव्याच्या मुदतीतच ते करून घ्यावे. प्रोसेसर विकताना नुसते ‘आय७’ लिहून पिढी न सांगणे ही फारच रुळलेली पद्धत आहे. २००९ चा आय७-८७० चार कोअरचा आहे आणि २०२३ चा आय७-१४७००के वीस कोअरचा, त्यामुळे पूर्ण मॉडेल क्रमांक मिळाल्याशिवाय त्या नावाला काही अर्थ नसतो.

कार्डाचे सर्व पैसे मला परत मिळाले. पॉवर सप्लायचे मिळाले नाहीत, कारण त्या तक्त्यातला १६ अँपिअरचा आकडा वस्तूवर छापलेला असल्याने विक्रेत्याने माहिती लपवली असे म्हणता येत नाही, असा निर्णय बाजारपेठेने दिला. हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो, कारण विक्रीच्या पानावर तो तक्ता दाखवलेला नव्हता आणि ६०० हा आकडा मात्र शीर्षकातच होता. पॉवर सप्लाय घेताना तक्त्याचे छायाचित्र पैसे देण्याआधीच मागून घ्यावे, ते याचसाठी.

त्यानंतर मी आधी ५५० वॅटचा प्रमाणित सप्लाय घेतला, ज्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट लिहिलेले आहे. प्रोसेसर बदलून ज्यात ग्राफिक्स अंगभूत आहे असा रायझन ५ ५६००जी घेतला आणि वेगळ्या कार्डाचा विचार पुढे ढकलला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धत सोडली आणि वापरलेली कार्डे बाजारात भराभर येऊ लागली, तेव्हा एएमडीचे आरएक्स ५८० पाहायला गेलो. याच नावाच्या जवळपासची ‘२०४८एसपी’ अशी एक कमी ताकदीची आवृत्ती असते आणि काही विक्रेते ती शेपटी गाळून टाकतात. विक्रेत्याच्याच संगणकावर अर्धा तास भाराखाली कार्ड चालवले, तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहिला, आणि जीपीयू-झेडमध्ये शेडरच्या, म्हणजे कोअरच्या, रकान्यात २३०४ हा पूर्ण आवृत्तीचा आकडा दिसल्यावर पैसे दिले.