पीएमपीचा ७० रुपयांचा पास: हद्दीच्या आत मोलाचा, हद्दीबाहेर अपुरा

शहराच्या हद्दीत दिवसातून तीन-चार वेळा बसमध्ये चढणाऱ्या माणसाला पीएमपीचा, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सार्वजनिक बससेवेचा, दैनिक पास आजही पुण्यात सगळ्यात परवडतो. हद्द ओलांडली की तीच सेवा विरळ होत जाते. गाडी मिळाली तर प्रवास ठीक होतो, पण ती कधी येईल याचा भरवसा राहत नाही. तारे द्यायचे तर आत पाचपैकी साडेतीन, बाहेर दोन. चालक तेच, वाहक तेच, आगारंही तीच. मग दीड तारा गळतो कुठे? त्याचं उत्तर तुटीच्या हिशेबात सापडतं, म्हणून इथे तिकीट आणि हिशेब दोन्ही बघितले आहेत.

आधी तिकीट. १ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं नव्या टप्प्यांवर आलं. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, पुढे ३० किलोमीटरपर्यंत दर ५ किलोमीटरला १० रुपयांची भर, आणि ३० ते ८० दरम्यान दर १० किलोमीटरला १० रुपये. एकूण ११ टप्पे. पाच रुपयांचं तिकीट त्या दिवशी संपलं. थोडक्या अंतरासाठी बस घेणाऱ्याला ही थेट दुप्पट वाढ आहे आणि ती त्यालाच सगळ्यात जास्त लागली. भाडी दहाच्या पटीत आल्यामुळे सुट्ट्या पैशांची कटकट कमी झाली, एवढाच त्यातला दिलासा.

दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा दैनिक पास आता ७० रुपयांना आहे, मासिक पास १५०० रुपयांना आणि पीएमआरडीएच्या, म्हणजे दोन्ही शहरांभोवतालच्या प्रदेशाचं नियोजन करणाऱ्या प्राधिकरणाच्या, हद्दीसह दैनिक पास १५० रुपयांना. पास घेण्याआधी बोटांवर करता येईल असा हिशेब आहे. घर ते कामाचं ठिकाण १० किलोमीटरच्या आत आणि एकच गाडी, तर जाऊन-येऊन जास्तीत जास्त ४० रुपये होतात. पास घेऊ नका. अंतर १० ते १५ असेल तर ६० रुपये होतात, म्हणजे मधे १० रुपयांची एक खेप वाढली की पास बरोबरीत येतो. १५ च्या पुढे दोन्ही बाजूंचे मिळून किमान ८० होतात, तिथे डोळे झाकून पास घ्यावा. रोज दैनिक पास काढणाऱ्याला मासिक पास २२ व्या दिवशी फायद्यात आणतो. पाच दिवसांच्या आठवड्यात महिन्याचे कामाचे दिवस २१-२२ च भरतात, त्यात एखादा सण आला की मासिक पास तोट्यात जातो. सहा दिवस कामावर जाणाऱ्याने मात्र मासिकच घ्यावा.

या भाडेरचनेत एक मोठं वैगुण्य आहे. गाडी बदलली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. सलग १२ किलोमीटरला ३० रुपये पडतात. तेच अंतर ६ आणि ६ असं दोन गाड्यांत तोडलं तर ४० पडतात. पुण्यात स्वारगेट, मनपा भवन, डेक्कन, हडपसर गाडीतळ या ठिकाणी गाडी बदलल्याशिवाय शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं अवघड आहे. म्हणजे मार्गांची आखणी प्रवाशाला गाडी बदलायला लावते आणि भाडं त्याचाच भुर्दंड घेतं. पहिलं तिकीट दीड-दोन तास दुसऱ्या गाडीत चालेल अशी सोय केली, तर उत्पन्न थोडं घटेल, पण लांबच लांब मार्ग तोडून आटोपशीर आणि वक्तशीर करता येतील. तोवर गाडी बदलणाऱ्यासाठी पास हाच उपाय.

पास ‘आपली पीएमपीएमएल’ अॅपवर निघतो, वाहकाकडेही मिळतो. वाहकाच्या यंत्रातून निघणारा कागद उष्णतेने छापला जातो, त्यामुळे खिशातल्या घामाने आणि उन्हाने तो दुपारपर्यंत पुसट होतो. छापील बाजू आत ठेवून घडी घाला आणि मोबाईलच्या मागे खोचू नका. तिथली ऊबही पुरते. अॅपवर गाडी कुठे आहे ते दिसतं, पण त्यात एक ठरलेली गडबड होते. सकाळी आगारात एखादी गाडी नादुरुस्त निघाली की ऐनवेळी दुसरी मार्गावर सोडतात. त्या दुसऱ्या गाडीचं जीपीएस यंत्र नव्या मार्गाशी जोडलं गेलं नाही, तर ती रस्त्यावर धावते आणि अॅपला दिसत नाही. म्हणून पडद्यावर गाडी नाही म्हणजे गाडी नाहीच, असं समजून रिक्षा करू नका. उलट, पडद्यावर गाडी दहा मिनिटं एकाच ठिकाणी स्थिर असेल तर ती बहुधा शेवटच्या थांब्यावर सुटायच्या वेळेची वाट पाहत उभी असते.

आता बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका. विश्रांतवाडीच्या किंवा सांगवी-किवळे रस्त्याच्या मार्गिकेवर जे सुख आहे, ते पुण्यात दुसऱ्या कोणत्याही बसला नाही. स्थानक रस्त्याच्या मधोमध असतं, गाडीचे उजवीकडचे दरवाजे उघडतात, आणि फलाट गाडीच्या तळाच्या पातळीला असल्यामुळे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. काठी टेकत चालणारी आजी, कडेवर मूल घेतलेली बाई, दोन पिशव्या घेतलेला माणूस, सगळे एका पावलात आत जातात. पण हे एक पाऊल साधण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, गाडीच्या तळाची उंची. आपल्याकडे शहरी बसचा तळ ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर असा तीन प्रकारांत येतो. उंच फलाटाच्या मार्गावर कमी उंचीची गाडी सोडली की प्रवाशाला फलाटावरून खाली उतरावं लागतं आणि फलाटाचा सगळा उपयोग जातो. दुसरी, चालकाने गाडी किती जवळ लावली. फट वीतभर झाली की म्हातारी माणसं थबकतात, पाठीमागची रांग अडते आणि थांब्यावरचा वेळ दुप्पट होतो. मार्गिकेत दुचाक्या घुसलेल्या असल्या की चालकाला गाडी फलाटाला समांतर आणायला जागाच उरत नाही; ती तिरपी लागते आणि मागच्या दरवाज्याशी फट पडते. घुसखोरीचा त्रास वेगापुरता नसतो, तो थेट त्या आजीच्या पावलापर्यंत पोहोचतो.

वेगाचा आणि पैशाचा संबंध तर त्याहून सरळ आहे. १५ किलोमीटरचा मार्ग धरा. एका बाजूला ६० मिनिटं लागतात आणि दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबा आहे, तर एक पूर्ण फेरी १४० मिनिटांची झाली. दर १० मिनिटांनी गाडी हवी असेल तर १४ गाड्या लागतात. कोंडीमुळे एका बाजूला ८० मिनिटं लागू लागली की फेरी १८० मिनिटांची होते, आणि तीच वारंवारता टिकवायला १८ गाड्या लागतात. चार गाड्या, त्यांचे दोन पाळ्यांचे चालक-वाहक, त्यांचं इंधन हे सगळं फक्त कोंडीत उभं राहण्यासाठी. गाड्या वाढवल्या नाहीत तर प्रवासी जवळपास १३ मिनिटं थांबतो. शिवाय ठेकेदाराकडून भाडेतत्त्वावर घेतलेल्या गाडीला करारात किमान किलोमीटरची हमी असते. कोंडीत तेवढे किलोमीटर झाले नाहीत तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. मार्गिका मोकळी ठेवणं हा बससेवेचा खर्च कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तरी नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा काही भाग २०२३ मध्ये काढून टाकण्यात आला. त्या निर्णयाची किंमत दरवर्षी तुटीत मोजली जाणार आहे.

या मार्गिका बांधायला पैसा कमी पडला नव्हता. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला. शहरांच्या पायाभूत सुविधांसाठीच्या केंद्राच्या नेहरू पुनरुत्थान योजनेत पुण्यासाठी केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि महापालिकेचे ३० असा वाटा होता. पिंपरी-चिंचवडच्या मार्गांना जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्पातूनही मदत मिळाली. काँक्रीट, स्थानकं, रेलिंग सगळं आलं. पण त्या मार्गिकेवर रोज किती खेपा सुटणार, त्या सोडायला पैसे कोण देणार, मार्गिका अडवणाऱ्याला हटवायला माणूस कोण नेमणार, याला त्या मंजुरीत जागा नव्हती. बांधकामाला मोठ्या हाताने पैसा आणि चालवण्याला हात आखडता, ही सवय तेव्हापासूनची आहे.

चालवण्याचा खर्च आज असा भागतो. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन जुन्या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपी ही कंपनी झाली. तिकिटातून न निघणारी तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. गाड्या मात्र दोन्ही हद्दींच्या कितीतरी पलीकडे जातात. त्या भागाचं नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे आहे. इमारतींना परवानगी ती देते, विकास शुल्क ती घेते, पण त्या इमारतींत राहायला आलेल्यांना शहरात आणणाऱ्या बसची तूट दोन महापालिका सोसत आल्या. म्हणून पैसे कमी पडले की कात्री आधी हद्दीबाहेर लागते. २०२२ च्या अखेरीस पीएमपीने ग्रामीण भागातले बरेच मार्ग टप्प्याटप्प्याने बंद केले, ते याच तर्काने. वाघोली ३० जून २०२१ ला महापालिकेत आली. रस्ता तोच, माणसं तीच, गाडी तीच, फक्त तिची तूट भरण्याला एक धनी मिळाला.

हद्दीबाहेरच्या प्रवाशाला भाडेरचनाही साथ देत नाही. ३० ते ४० किलोमीटरवरून येणाऱ्याला जाऊन-येऊन १४० रुपये पडतात, म्हणजे १५० चा पास त्याच्या कामाचा नाही. ४० च्या पुढे किंवा शहरात उतरून दुसरी गाडी घ्यायची असेल तरच तो पास परवडतो.

पीएमआरडीएने तुटीत वाटा उचलावा ही पुण्याची मागणी रास्त आहे. ती कशी मांडली जाते यावर मात्र सेवा सुधारेल की नाही हे ठरेल. वर्षअखेरीला ‘तूट इतकी झाली, तुमचा वाटा इतका’ असं पत्र गेलं, तर पैसे लेखापरीक्षणानंतर, म्हणजे खर्च होऊन गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी येतात. तोवर ठेकेदारांची बिलं तुंबतात. मार्च २०२३ मध्ये थकीत बिलांवरून ठेकेदारांनी भाडेतत्त्वावरच्या गाड्या बंद ठेवल्या, तेव्हा थांब्यावर उभ्या माणसाने ही उशिराची किंमत मोजली. त्यापेक्षा किलोमीटरवर हिशेब करावा. प्रत्येक मार्गाचे हद्दीतले आणि हद्दीबाहेरचे किलोमीटर जीपीएसच्या नोंदीवरून वेगळे काढायचे. प्रति किलोमीटर खर्चातून त्याच तुकड्यावरचं तिकीट-उत्पन्न वजा करायचं. उरलेली रक्कम पीएमआरडीएने दर महिन्याला आगाऊ वेगळ्या खात्यात भरायची. आणि बदल्यात त्या मार्गावर किमान किती खेपा, पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, हे करारात लिहायचं. खेप झाली नाही तर त्या किलोमीटरचे पैसे कापायचे.

ही पद्धत देशाला नवी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत १०,००० गाड्यांसाठी ५७,६१३ कोटींच्या आराखड्यात केंद्राने २०,००० कोटी ठेवले, आणि मदत गाडीच्या खरेदीवर न देता धावलेल्या किलोमीटरवर दिली: १२ मीटर गाडीला २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०, जास्तीत जास्त दहा वर्षं. गाडी आगारात उभी राहिली तर मदत नाही. प्रादेशिक पैसाही याच अटीवर यावा.

पैसा कुठून, याचाही मार्ग उघडा आहे. पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत १ एप्रिल २०२२ पासून घराच्या किमतीवर १ टक्का अधिभार लागतो, तो मेट्रो, पूल, उड्डाणपूल अशा वाहतुकीच्या कामांसाठी. त्यातला लहानसा हिस्सा बसच्या किलोमीटरना मिळाला तर मेट्रोचंही भलं आहे. पिंपरी-स्वारगेट आणि वनाज-रामवाडी या दोन्ही मार्गिकांच्या स्थानकांपर्यंत माणूस पोहोचवायला दर १०-१२ मिनिटांनी छोटी गाडी लागते. ती नसेल तर तो स्थानकापर्यंत दुचाकीने येतो, आणि एकदा दुचाकी काढली की पुढचाही रस्ता तो दुचाकीनेच काटतो.

हद्दीबाहेर राहून पीएमपीवर अवलंबून असलेल्यांनी सध्या एवढं करावं: येताना कितीही गाड्या असोत, परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे आगारातल्या नियंत्रकाकडून तोंडी पक्कं करून घ्या. पाटीवरचं वेळापत्रक जुनं असू शकतं. शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची गाठा; शेवटची खेप रद्द झाली तर तिच्या मागे दुसरी गाडी नसते.