डिझायनरशी काम कुठे करायचं: ग्रुपवर की इश्यूमध्ये?

मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या, प्रकल्पात डिझायनर टिकावेत असं वाटत असेल, तर आधी ठरवावं लागतं की त्यांच्याशी बोलायचं कुठे. आम्ही दोन्ही करून पाहिलं: गप्पांचा ग्रुप, आणि इश्यू, म्हणजे कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर एकेका प्रश्नासाठी उघडलेली नोंद. आमचं छोटं वेब ॲप मुंबईतल्या बसथांब्यांची नावं मराठीत दाखवतं. कोड लिहिणारे चौघे, डिझायनर एकच मैत्रीण.

ग्रुपवर काम झटपट होतं. स्क्रीनशॉट टाकला, त्यावर बोटानं गोल केला की दहा मिनिटांत उत्तर. उलट गिटहब चालतं ते गिटवर, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनावर. गिट 2005 साली लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, कोडसाठी घडलं. ओळीओळींतला फरक दाखवणं हा त्याचा पिंड. बटणाचा रंग सुचवायला आलेल्या माणसाला आधी फोर्क (कोडची स्वतःची प्रत काढणं) आणि रिबेस (आपले बदल नव्या कोडवर पुन्हा बसवणं) शिकवणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं.

तरीही आम्ही ग्रुप सोडला, तो एका गोष्टीमुळे. यादीतल्या ओळींची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवलेली होती, त्यामुळे शिरोरेखेवरचं सगळं छाटलं जायचं. 'वर्सोवा'चं 'वसावा', 'चेंबूर'चं 'चबूर'. मैत्रिणीनं ती उंची वाढवून घेतली, ग्रुपवर चित्रासह कारणही समजावलं. चार महिन्यांनी नव्यानं आलेल्या मुलानं 'उगाच सोडलेली जागा' म्हणून ती काढून टाकली. त्याची चूक नव्हती. तो पाहणार तिथे कारण लिहिलेलंच नव्हतं. ग्रुपवरचा तो मेसेज शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. मैत्रिणीनं फोनवर एवढंच विचारलं, "मग मी सांगितलं होतं त्याचं काय झालं?" ते मला फार लागलं.

आता डिझाइनचा प्रत्येक निर्णय इश्यूमध्ये जातो, आणि कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, त्या इश्यूचा नंबर. मराठीत लिहिलं तरी चालतं. पुल रिक्वेस्टला, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीला, बदललेलं ॲप उघडून पाहता येईल अशी प्रिव्ह्यूची लिंक जोडतो, म्हणजे डिझायनरला कोड चालवावा लागत नाही. गिटहबवर आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

इश्यूमध्ये गप्पांची ऊब नाही, हे खरं. नव्या माणसाची ओळखपाळख आम्ही अजून ग्रुपवरच करतो. दोघातिघांच्या प्रकल्पाचं कदाचित तेवढ्यावर भागेलही. पण माणसं येत-जात असतील तर मी तरी इश्यूच निवडेन. ओळींची उंची आम्ही परत वाढवली, त्या कमिटच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय', म्हणजे सहलेखक, म्हणून मैत्रिणीचं नाव आहे, आणि इश्यूमध्ये सगळ्यात वर 'वसावा'चा स्क्रीनशॉट.