वायरलेस डिबगिंग: लाईन जाते तिथं किती टिकतं?

केबल न लावता फोनवर ॲप चढवायचं आणि डिबगर (ॲपमधल्या चुका शोधायचं साधन) जोडायचा, ही सोय अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच आहे. वाय-फाय अखंड असेल तर तक्रारीला फारशी जागा नाही. यवतमाळ-वाशीमकडच्या गावात भरदुपारी लाईन गेली की मात्र तिचा कस लागतो.

सुरुवात सोपी. फोनच्या सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायरलेस डिबगिंग चालू करा. लॅपटॉपवर प्लॅटफॉर्म टूल्स ३०.०.० किंवा त्यापुढचं हवं; लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारा एडीबी हा प्रोग्राम त्यातच येतो. त्याआधीच्या एडीबीला ‘पेअर’ ही कमांडच माहीत नाही. मग फोन दाखवतो तो सहा आकडी कोड लॅपटॉपवर टाकायचा.

बहुतेकांची गाडी अडते ती इथं. कोडच्या खिडकीत दिसणारा पोर्ट (फोनच्या आयपी पत्त्यापुढचा जोडणीचा क्रमांक) फक्त ‘एडीबी पेअर’साठी असतो. ‘एडीबी कनेक्ट’ला मागच्या, मुख्य स्क्रीनवरचा पोर्ट लागतो. समजा खिडकीत ३७१२३ आहे आणि बाहेर ४१८०५, तर कनेक्टला ४१८०५ द्यायचा. आकडे अदलाबदल झाले की जोडणी होतच नाही आणि माणूस उगाच राउटरला दोष देत बसतो. कोड टाकेपर्यंत ती खिडकी बंद करू नका. ती मिटली की तो पोर्टही गेला.

आता लाईनचं. राउटर बंद पडला, फोनचं वाय-फाय तुटलं, की वायरलेस डिबगिंगही आपोआप बंद होतं. लाईन आल्यावर ते हातानं चालू करावं लागतं आणि पोर्ट नवा मिळतो. आयपीही बदललेला असू शकतो. टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबून कालचीच ओळ चालवणारे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ पाहत बसतात. पेअरिंग टिकून असतं, त्यामुळं कोड पुन्हा लागत नाही. सोयाबीन काढणीत सात दिवस फोन जोडलाच नाही तर मात्र परवानगी रद्द होते; ‘डिसेबल एडीबी ऑथोरायझेशन टाइमआउट’ चालू ठेवलं की हा ताप मिटतो.

घरी राउटरच नाही? ज्या फोनवर ॲप तपासायचं त्याचाच हॉटस्पॉट इथं कामाचा नाही, कारण त्या फोनला स्वतः वाय-फायवर असावं लागतं. घरातला दुसरा फोन हॉटस्पॉट करा, लॅपटॉप आणि चाचणीचा फोन दोन्ही त्यावर घ्या. नेटपॅक संपला असला तरी डिबगिंग चालतं. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू द्या’ एवढं फोनला सांगावं लागतं.

दुसरा फोन नसेल तर जुनी युक्ती अजून चालते. एकदा केबल लावून ‘एडीबी टीसीपीआयपी ५५५५’, केबल काढा, लॅपटॉप त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि लॅपटॉपला दिसणाऱ्या गेटवेच्या (म्हणजे त्या फोनच्याच) पत्त्याला ५५५५ वर कनेक्ट करा. फोन रीस्टार्ट होईपर्यंत पोर्ट बदलत नाही. या बाबतीत जुनं नव्यापेक्षा सरस आहे. काम झालं की ‘एडीबी यूएसबी’ द्यायला विसरू नका.

म्हणून केबल घरात हवीच, आणि चार्जिंगपुरती नव्हे, डेटावाली. ‘अनऑथोराइझ्ड’ आलं तर फोनचं लॉक उघडून परवानगीची चौकट बघा. ‘ऑफलाइन’ आलं तर ‘एडीबी किल-सर्व्हर’ करून पुन्हा जोडा. ‘एडीबी डिव्हायसेस’च्या यादीत फोन येतच नसेल तर फोनच्या चार्जिंग पोर्टात बॅटरीचा उजेड टाका: वेचणीच्या दिवसांत खिशातल्या कापसाचा तंतू आत दडपून बसतो, पिन पूर्ण बसत नाही, चार्जिंग होतं पण डेटा जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच काढा, टाचणीनं नको. रिॲक्ट नेटिव्ह (जावास्क्रिप्टनं ॲप बनवायचं साधन) वापरणाऱ्यांनी केबल लावल्यावर ‘एडीबी रिव्हर्स टीसीपी:८०८१ टीसीपी:८०८१’ द्यावं. त्याविना पुष्कळदा लाल स्क्रीनच दिसते.

पाचपैकी साडेतीन. राउटरला छोटा यूपीएस लावला तर चार. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, ते वाचून जा.