आखाड्यावरच्या स्पीकरला कोणती चिप? एलएम ३८६, टीडीए २८२२एम की पीएएम ८४०३

छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवताना सगळे आधी वॅट विचारतात. माझं म्हणणं, आधी बॅटरी बघा. मराठवाड्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, लाइटचा भरवसा नाही. रेडिओ असो की हरिपाठ लावायचा स्पीकर, तो दिवसा सोलर प्लेटवर भरलेल्या सेलवरच चालायचा.

एलएम ३८६ आयटीआय-पॉलिटेक्निकच्या पोरांची लाडकी. मोजकेच पार्ट लागतात, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) २०. पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की २००. शिकायला हिच्यासारखी चिप नाही. पण हिला किमान ४ व्होल्ट लागतात आणि लिथियम सेल भरलेला असतानाच ४.२ असतो, थोडा उतरला की संपलं. म्हणून लोक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतात. ती जुनी झाली की आवाज वाढवताच फट-फट सुरू होतं, कारण मोठ्या आवाजाला लागणारा करंट तिच्याकडून निघत नाही. पिन ६ जवळ, म्हणजे बॅटरीच्या पिनजवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर बराच फरक पडतो, पण बॅटरी लवकर संपते ती संपतेच.

टीडीए २८२२एम १.८ व्होल्टपासून चालते. दोन पेन्सिल सेलवरचा रेडिओ करायचा असेल तर मी डोळे झाकून हीच घेईन. आत दोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत; ब्रिज जोडणीत, म्हणजे दोघांनी मिळून एकच स्पीकर चालवला तर, ३ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला साधारण पाव वॅट मिळतो. शांत रात्री खोलीभर तेवढा पुरतो.

पीएएम ८४०३ क्लास डी आहे, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करत (स्विचिंग) चालते, त्यामुळे उष्णतेत ती फार वाया जात नाही. स्पीकरला अर्धा वॅट द्यायचा तर ही सेलकडून जेमतेम ०.६ वॅट घेते, वरच्या दोघी एक वॅटच्या आसपास. २००० एमएएचच्या एका लिथियम सेलवर सलग अर्धा वॅट वाजवलं तर ही बारा तास, टीडीए सात. कीर्तन मोठ्यानं, सलग ऐकायचं असेल तर इथं दुसरा विचारच नको. मात्र नुसती चालू ठेवली तरी सेलवर ही १० मिलिअँपच्या आसपास खाते, टीडीए साधारण ६. दिवसभर चालू आणि अधूनमधून बोलणारं यंत्र असेल तर चिप झोपवणारी शटडाउनची पिन नक्की वापरा.

मीडियम वेव्हच्या रेडिओत मात्र पीएएम घालू नका. तिचं स्विचिंग २६० किलोहर्ट्झच्या आसपास चालतं आणि त्याच्या पटी नेमक्या त्याच बँडमध्ये पडतात. स्टेशनपेक्षा शीळच जास्त ऐकू येते.

फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरात असतेच, ती लावायचा मोह होतो. पीएएमची मर्यादा ५.५ व्होल्ट, थेट जोडली की गेली. मध्ये १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर टाका. टीडीए १५ व्होल्टपर्यंत सहन करते, पण १२ वर ८ ओहमचा स्पीकर लावून जोरात वाजवली तर तापते, आणि मे महिन्यात परभणीच्या पत्र्याखाली तर बोलायलाच नको. आणखी एक, पीएएमच्या किंवा ब्रिज जोडलेल्या टीडीएच्या स्पीकरची कुठलीच तार ग्राउंडला जोडायची नाही.