काडीदार की गोलदाणी: रायफलच्या काडतुसासाठी कोणती पावडर?

रायफलची काडतुसे हाताने भरणाऱ्याला बहुधा दोन प्रकारच्या धूरविरहित पावडरींतून निवड करावी लागते: बारीक काड्यांच्या आकाराची आणि गोल दाण्यांची.

गोलदाणी पावडर आकारमानावर चालणाऱ्या मापकातून पाण्यासारखी वाहते, त्यामुळे काडतुसाच्या प्रत्येक पुंगळीत (रिकाम्या धातूच्या नळीत) जवळपास सारखेच वजन पडते. काडीदार पावडरीत मात्र मापक फिरवताना काड्या अडकतात, कापल्या जातात आणि वजन थोडे मागेपुढे होते. पावडरीचे वजन ग्रेन या एककात मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे महत्त्व कळते. प्रत्येक मात्रा तराजूवर तोलणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नाही.

माझ्या मते खरी कसोटी तापमानाची आहे. गोलदाणी पावडरीत नायट्रोसेल्युलोज या मूळ घटकासोबत बहुधा नायट्रोग्लिसरीन असते, आणि तिच्यातील अनेक जुने प्रकार उन्हात अधिक दाब व वेग देतात. हॉजडन कंपनीच्या व्हार्गेटसारख्या काडीदार पावडरी मुद्दाम तापमानाला कमी संवेदनशील बनवलेल्या आहेत. म्हणून थंडीत ठरवलेली मात्रा उन्हाळ्यातही वापरायची असेल, तर लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजीसाठी मी काडीदारच निवडेन. गोलदाणी पावडर पेटायला किंचित जड असल्याने काही मात्रांसाठी मॅग्नम प्रायमर (पावडर पेटवणारी जास्त जोरदार टोपी) सुचवलेला असतो, पण तो मनाने बदलू नये.

सरावासाठी शेकडो काडतुसे भरायची असल्यास गोलदाणीच सोयीची. दोन्ही बाबतींत उत्पादकाच्या चालू तक्त्यातील किमान मात्रेपासूनच सुरुवात करावी, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन पावडरी कधीही एकमेकींच्या जागी वापरू नयेत, कारण ज्वलनाचा वेग दाण्यावरच्या लेपावरही ठरतो आणि तो लेप डोळ्यांना ओळखता येत नाही.